विहिरीवरचा बॅनर

समजा, तुम्हाला एक काम दिलंय. एका मसाल्याच्या कंपनीच्या वतीने दोन ओळी लिहायच्या. विषय मसाल्याचा नाही. कुठलासा मोर्चा, कुठलासा कायदा, कुणावर तरी झालेला अन्याय, असं काहीतरी. सुरुवात 'आम्ही'ने करायची. वाचणाऱ्याला वाटलं पाहिजे की कंपनीला खरंच वाईट वाटलंय. पण इतकंही वाईट वाटून चालणार नाही की उद्या कुणीतरी दुकानातली पाकिटं उचलून रस्त्यावर फेकेल. लिहून बघा. दुसऱ्या ओळीपर्यंत पोचाल तेव्हा पोटात बारीकसा गोळा येईल. कारण हे 'आम्ही' म्हणजे नक्की कोण, तेच कळेनासं होईल. मालक? मिरची निवडणाऱ्या बाया? की एसीत बसून हे टाइप करणारे तुम्ही?

किम्बर्ली परेरा रोज हेच काम करायची. मरोळच्या औद्योगिक वसाहतीत, दुसऱ्या मजल्यावर, 'तिखटघर' नावाच्या कंपनीत. खाली कांडप चालायचं, त्यामुळे मजल्यावरचा प्रत्येक माणूस दिवसातून निदान दहादा शिंकायचा. नवीन आलेल्याला वाटायचं, सगळ्या ऑफिसला सर्दी झालीये.

सोशल मीडियावरच्या कंपनीच्या पानावर जे काही दिसायचं ते किम्बर्लीचं असायचं. जूनमध्ये लोगोला इंद्रधनुष्याचे रंग, ऑगस्टमध्ये तिरंगा, मराठी भाषा दिनाला पैठणीची किनार. कुठे दंगल झाली की शांततेचं आवाहन, निवडणूक आली की बोटावरच्या शाईचा फोटो आणि खाली लाल मिरची. लोकांना आवडायचं. ती मात्र पोस्ट टाकली की पुढचा तासभर नखं खात बसायची. कोण चिडेल? कुणाचा फोन येईल? शेजारच्या टेबलावरची नमिता कंपनीचे करार आणि कायद्याची कामं बघायची. ती म्हणायची, "तुझी नखं संपली की बोटं सुरू करशील तू."

किम्बर्लीचं घर तिथून चालत जाण्याइतकं जवळ होतं. बावपाखाडी. काचेच्या इमारतींच्या मागे दडलेली ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईतल्या मूळच्या ख्रिस्ती लोकांची वस्ती. कौलारू घरं थोडी उरलेली, बाकी दोन-तीन मजल्यांची झालेली. मध्ये क्रूस, आणि क्रुसासमोर विहीर. बाव म्हणजे विहीर, ह्या विहिरीवरूनच पाखाडीचं नाव पडलं. घरोघरी नळ आले तरी विहीर बुजवली नाही, कारण लग्न असलं की आदल्या संध्याकाळी उंबराचं पाणी तिथूनच आणायचं. बायका लुगडी नेसून, बँडच्या तालावर नाचत विहिरीवर जातात, पाणी शेंदतात आणि त्या पाण्याने नवऱ्यामुलाला आंघोळ घालतात. बाकीच्या कितीतरी पाखाड्यांत आता विहीर नाही. तिथले लोक पिंपात पाणी भरून त्याभोवती नाचतात. बावपाखाडीला ह्या बाबतीत जरा मिजास होती.

मग रस्ता रुंद करायचं ठरलं, आणि त्याची नवी रेघ विहिरीवरून गेली.

वसाहतीतल्या जवळजवळ सगळ्या कारखान्यांना रस्ता हवा होता. मोठे ट्रक आत यायला वळणावर अडकायचे. किम्बर्लीने मात्र धीर करून यज्ञेशला विचारलं. यज्ञेश सामंत कंपनीचा मालक. वडील गेल्यावर तरुणपणीच गल्ल्यावर बसलेला, शर्टाच्या खिशाला कायम हळदीचा डाग.

"सर, आपण पाखाडीच्या बाजूने काही लिहायचं का?"

"लिही," तो म्हणाला.

इतक्या पटकन म्हणाला की ती घाबरलीच. तिने मनात तयार करून आणलेली कारणं तशीच राहिली. घरी जाताना तिला आठवलं की दिवाळीआधी कंपनी 'पाखाडी बॉटल मसाला' बाजारात आणणार होती, ईस्ट इंडियन घरांत वर्षभरासाठी बाटल्यांत भरून ठेवतात तसला. पाकिटावर विहिरीचं चित्र होतं. तिनेच सुचवलेलं.

'आम्ही बावपाखाडीच्या बाजूने आहोत,' अशी पोस्ट गेली आणि पान पेटलं. वाहवा झाली, शिव्याही पडल्या. वसाहतीतल्या इतर मालकांनी यज्ञेशला बैठकीला बोलावून झापलं. एका पक्षाच्या शाखेतून फोन आला: रस्ता आमच्या साहेबांनी आणलाय, तुम्ही मसाला कुटा. पोस्ट काढायला सांगतील म्हणून किम्बर्ली दिवसभर फोनकडे बघत बसली. यज्ञेश संध्याकाळी तिच्या टेबलाशी आला, दोनदा शिंकला आणि म्हणाला, "राहू दे."

पाखाडीत मात्र तिच्या गिल्बर्ट अंकलने प्रश्न टाकलाच. गिल्बर्ट म्हणजे तिच्या वडिलांचा मोठा भाऊ, पाखाडीच्या पंचांतला मुख्य. पायरीवर बसून बोंबील साफ करता करता त्याने विचारलं, "तुझ्या शेटाला काय मिळतं गो ह्याच्यात?"

"काही नाही अंकल. त्याला पटलंय."

"पटलंय." गिल्बर्टने बोंबलाचं डोकं उडवलं. "मसालेवाल्याला पटलंय. मला इतक्या वर्षांत तुझी आंटी पटली नाय पूर्ण."

आतून आंटी ओरडली, "ऐकू येतंय मला, मेल्या!"

किम्बर्ली हसली, पण तो प्रश्न तिच्याबरोबर घरी आला आणि जेवायच्या ताटावरही बसला. तिची आई शर्ली गप्प बसणारी बाई. ती एवढंच म्हणाली, "तू मध्ये पडलीस ते बरं केलंस की वाईट, मला कळत नाय. पण आता काही झालं तर लोक शेटाला नाय विचारणार. तुला विचारणार."

रस्त्याच्या कामाच्या अभियंता होत्या गंधाली मॅडम. सडसडीत, कमी बोलणाऱ्या. त्यांनी पंचांना सरळ सांगितलं होतं, "विहीर जुनी आहे एवढं पुरत नाही. जुनं मुंबईत खूप आहे. ती आजही तुमच्या वापरात आहे, रूढीत आहे, हे मला दिसलं तर मी रेघ हलवण्याची शिफारस करू शकते."

योग असा की गिल्बर्टच्या मुलाचं, डॅरिलचं लग्न तोंडावर होतं. पंचांनी मॅडमना उंबराच्या पाण्याच्या दिवशीच पाहणीला यायचं आमंत्रण दिलं. ह्याहून चांगला पुरावा कुठला? पाखाडी कामाला लागली. विहिरीचा कठडा चुन्याने रंगला, क्रुसाला झेंडूच्या माळा चढल्या, ठेवणीतली लुगडी उन्हात पडली.

बँड यज्ञेशने दिला. स्वतःहून म्हणाला, "माझ्याकडून." आता बावपाखाडीत एक पद्धत आहे. बँड जो देतो त्याचं नाव विहिरीवर लावायचं. पूर्वी पाटीवर खडूने लिहायचे. 'बँड: मेल्विन, कुवेत.' लोक पाणी शेंदताना ते वाचायचे आणि मेल्विनला दुवा द्यायचे. त्यामुळे तिखटघरचं नाव लावायला कुणाचीच ना नव्हती. उलट डॅरिल म्हणाला, "किम, पाटी काय, मस्त फ्लेक्स बनव ना यार. फोटोत झकास येईल."

किम्बर्लीने बनवला. यज्ञेशने बघून 'थोडा मोठा कर' म्हटलं, तिने मोठा केला. विहिरीच्या दोन खांबांमध्ये तो बांधला तेव्हा त्याच्या मागे क्रूस कंबरेपर्यंत झाकला गेला. 'तिखटघर पाखाडी बॉटल मसाला सादर करत आहे: उंबराचं पाणी.'

सादर करत आहे. तो शब्द कुणालाच खटकला नाही. सगळे कार्यक्रम असेच तर असतात.

संध्याकाळी बँड वाजत आला. बायका नाचत आल्या. शर्लीसुद्धा नाचली, जी एरवी चर्चमध्ये टाळीदेखील हळू वाजवते. डॅरिलच्या गॉडमदरने घागर सोडली, पाणी वर आलं, सगळ्यांनी एकच गलका केला. किम्बर्ली मात्र गंधाली मॅडमकडे बघत होती. मॅडम मागे उभ्या होत्या. त्या घागरीकडे बघत नव्हत्या. वर, बॅनरकडे बघत होत्या. मग त्यांनी फोटो काढले, एका पोराला काहीतरी विचारलं आणि केकसुद्धा न घेता निघाल्या.

किम्बर्ली मागे धावली. "मॅडम, कसं वाटलं?"

"छान होता कार्यक्रम," मॅडम म्हणाल्या. "कंपनी दरवर्षी करते का?"

किम्बर्लीने दोन्ही हात हलवले. "नाही नाही मॅडम. कंपनीचा नाही हा. आमचा आहे. लग्न आहे उद्या, खरंखुरं."

"बँड कोणाचा?"

"कंपनीचा."

"विहीर रंगवली कधी?"

"काल."

मॅडमनी तिच्याकडे जरा दयेने बघितलं. "हे बघ, तू म्हणतेस ते खरंही असेल. पण मी जे बघितलं ते मला लिहावं लागेल. मसाल्याच्या जाहिरातीचा कार्यक्रम बघितला मी. सुनावणीला या आणि काय ते सांगा."

दुसऱ्या दिवशी लग्नात सगळे नाचले, पण पंचांचे चेहरे उतरलेले होते. बातमी आधीच पसरली होती. गिल्बर्टने किम्बर्लीला मंडपाच्या मागे गाठलं. तो ओरडला असता तर तिला बरं वाटलं असतं. तो हळू बोलला.

"माझ्या आजीच्या आधीपासून ती विहीर हाय, बाय. पोर्तुगीजांनी काय केलं नाय, इंग्रजांनी काय केलं नाय. तुझ्या फ्लेक्सने केलं."

"अंकल, तुम्हीच म्हणालात ना, बँडवाल्याचं नाव लावायचं."

"मेल्विनचं नाव लावायचो. मेल्विन काय विकत नव्हता."

त्यानंतरचे दिवस किम्बर्लीने कसे काढले ते तिलाच माहीत. पाखाडीत येता-जाता बायका बोलायच्या थांबायच्या. बेकरीत पाव घेताना कुणीतरी मागून म्हणालं, "शेटची माणूस आली." शर्लीने तिला काही विचारलं नाही, फक्त तिच्या डब्यात रोज काहीतरी गोड टाकायला लागली. त्याने किम्बर्लीला जास्तच रडू यायचं. ती कामावर बसून सुनावणीचा विचार करायची. पाखाडीने काहीही सांगितलं तरी मॅडम म्हणणार, तुम्ही तर असं म्हणणारच. तो बॅनर पाखाडीचा नव्हता हे सांगू शकणारा माणूस एकच होता. आणि ते सांगायचं तर त्याला जे कबूल करावं लागणार होतं, ते कुठल्याही कंपनीने आजवर स्वतःबद्दल म्हटल्याचं तिने ऐकलं नव्हतं.

ती यज्ञेशच्या केबिनमध्ये गेली. नमिता तिथे करार घेऊन बसलेलीच होती.

"सर, सुनावणीला तुम्ही यायला हवं."

"येतो की. पाठिंबा देतो परत."

"पाठिंबा नको सर. तुम्ही सांगायचं की तो बॅनर आपल्या जाहिरातीसाठी होता. विहीर त्यांची, रीत त्यांची, लग्न त्यांचं. आपण फक्त आपला मसाला खपावा म्हणून तिथे नाव लावलं. असं, सरळ."

नमिताने पेन खाली ठेवलं. "वेडी आहेस का गं तू? आपण जगाला सांगितलं की आम्हाला गावठाणांची कळकळ आहे. आता सरकारी माणसासमोर म्हणायचं, कळकळ-बिळकळ काही नाही, मसाला विकत होतो? मालकांची संघटना पेढे वाटेल. आणि नवा मसाला कोण घेईल, तूच सांग."

"पण नाही सांगितलं तर विहीर जाईल."

"त्यांची विहीर आपल्यामुळे नाही जात. रस्त्यामुळे जातेय."

"आता आपल्यामुळे जातेय, नमिता."

यज्ञेश खिशावरचा डाग चोळत होता. तो म्हणाला, "किम, एक सांग. ते खरं आहे का?"

"काय सर?"

"की मी फक्त मसाला खपावा म्हणून केलं."

हो म्हणावं तर मालकाचा अपमान, नाही म्हणावं तर स्वतःच आता जे मागितलं ते खोटं. "तुम्हाला माहीत असेल सर."

"मला माहीत असतं तर तुला कशाला विचारलं असतं?" तो वैतागून हसला. "तू पहिल्यांदा बोललीस तेव्हा मला पाकीट दिसलं डोळ्यांसमोर. विहिरीचं चित्रवालं. पण शाखेतून फोन आला तेव्हा पाकीट नव्हतं दिसलं, तेव्हा राग आला होता. मग मोजायचं कसं? अर्धं हे, अर्धं ते?" तो शिंकला. "बघतो. जा तू."

'बघतो' म्हणजे काय, ह्याचा विचार करत किम्बर्लीने उरलेली नखं संपवली.

सुनावणीच्या दिवशी वॉर्ड ऑफिसच्या लांबट खोलीत पंखा एकच आणि माणसं भरपूर. एका बाजूला वसाहतीतले मालक, कोऱ्या शर्टांत. दुसऱ्या बाजूला पाखाडी. शर्लीही आली होती, रोझरीची माळ मुठीत धरून. यज्ञेश नव्हता.

"तुझा शेट पटवून घेतोय वाटतं अजून," गिल्बर्ट पुटपुटला.

गिल्बर्टने विहिरीबद्दल सांगितलं. चांगलं सांगितलं, पण मॅडमनी तोच प्रश्न विचारला. जाहिरात नसती तरी हे सगळं झालं असतं का? गिल्बर्ट म्हणाला, झालं असतं. मालकांच्या बाजूने कुणीतरी खुदकन हसलं. मॅडम म्हणाल्या, "मग दुसरं कोणी सांगणारं आहे?" किम्बर्ली उठायला गेली. पण ती तर कंपनीची माणूस, आणि पाखाडीचीही. तिचं कोण ऐकणार? तेवढ्यात दारात शिंक ऐकू आली.

यज्ञेश पुढे आला. त्याने मालकांच्या बाजूला बघितलं नाही.

"बॅनर माझा होता," तो म्हणाला. "माझ्या मसाल्याच्या जाहिरातीसाठी लावला. ह्यांनी बँडवाल्याचं नाव लावायची परवानगी दिली, मी त्यावर 'सादर करत आहे' लिहवून घेतलं. सादर मी काही केलं नाही. हे लोक हे करतच होते. मी फुकटात त्यांच्या लग्नात घुसलो."

"म्हणजे तुमचा तो जाहीर पाठिंबा," मॅडम म्हणाल्या, "तोही जाहिरातच होती?"

इथे तो वाचवू शकत होता स्वतःला. नाही मॅडम, ते मनापासून होतं, एवढं म्हटलं की झालं.

"तो वगळा तुम्ही," यज्ञेश म्हणाला. "माझा पाठिंबा मोजूच नका. घागर मोजा."

मॅडमनी बराच वेळ काही लिहिलं. मग वाचून दाखवलं. पाहणीच्या दिवशीचा विधी पाखाडीचा स्वतःचा होता, जाहिरातदाराचा त्याच्याशी संबंध नव्हता, विहीर रूढीच्या वापरात असल्याने रस्त्याची रेघ हलवण्याची शिफारस. शर्लीने मुठीतली रोझरी ओठांना लावली. गिल्बर्ट यज्ञेशसमोर जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "बोंबील खातोस काय रे?"

"खातो."

"मग ये रविवारी. फ्लेक्स नको आणूस."

किम्बर्ली त्या दिवशी कितीतरी दिवसांनी पोटभर जेवली. पण हे सुख टिकलं ते दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत. ऑफिसात नमिताने तिच्यासमोर मोबाइल धरला. वॉर्ड ऑफिसची खोली, पंखा, आणि यज्ञेश: 'मी फुकटात त्यांच्या लग्नात घुसलो.' डॅरिलने रेकॉर्ड करून टाकलेला. लाखो लोकांनी बघितला होता आणि त्यावर लिहिलं होतं: खरं बोलणारा शेट. असा एक तरी मालक दाखवा. मसाला कुठे मिळेल? खाली कांडपाच्या मशीनला उसंत नव्हती, आणि नव्या मसाल्याची पाकिटं ठरलेल्या तारखेच्याही आधी पाठवायचं ठरत होतं.

"मी म्हणत होते ना, कोण घेईल म्हणून?" नमिता म्हणाली. "माझंच चुकलं बाई."

तिला गंमत वाटत होती. किम्बर्लीच्या पोटात मात्र तो ओळखीचा गोळा परत आला. तिने केबिनच्या काचेतून बघितलं. यज्ञेश फोनवर बोलत होता, हसत होता. हसणारच. त्यात वाईट काय? विहीर वाचली, मसाला खपला, पाखाडीत तिच्याशी लोक बोलायला लागले. मग आपलं समाधान का होत नाही?

घरी जाताना तिने डॅरिलला विहिरीपाशी गाठलं. तो कठड्यावर बसून बायकोची वाट बघत होता.

"डॅरिल, तू त्या दिवशी कुठे बसला होतास रे?"

"कुठे म्हणजे? पुढे. मॅडमच्या टेबलाजवळच."

"मोबाइल कधी वर केलास?"

"पप्पा बोलत होते तेव्हापासून. का गं?"

"यज्ञेश सर आले तेव्हा चालूच होता?"

"चालूच होता. समोरच होतो ना त्यांच्या. काय झालं? व्हिडिओ चांगला आला नाय काय?"

"चांगला आलाय," किम्बर्ली म्हणाली.

रविवारी यज्ञेश जेवायला येणार होता. आंटी बोंबील तळेल, अंकल त्याला जुन्या गोष्टी सांगेल, तो दोनदा शिंकेल. ती त्याच्या समोरच बसेल. विचारायचं तर तेव्हाच विचारता येईल, आणि तिला भीती वाटत होती की तो परत तिलाच उलट विचारेल. तरीही तिला ह्या एकाच प्रश्नाचं उत्तर हवं होतं, बाकी काही नको. त्या दिवशी वॉर्ड ऑफिसच्या दारातून आत येऊन तोंड उघडायच्या आधी, सर, तुम्हाला डॅरिलचा मोबाइल दिसला होता का?